कॉर्नफ्लॉवर न घालता क्रीमी सूप होतं का?

होतं. 'दाट हवं तर कॉर्नफ्लॉवर हवंच' असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं, त्या मताशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून लिहितोय. तुमचं म्हणणं असं की अर्ध्या तासात भाज्यांचं क्रीमी सूप करायचंय, पण दर वेळी गुठळ्या होतात, नाहीतर ते खळीसारखं लागतं. लागणारच, खळच आहे ती!

दाटपणा वेगळा आणि मऊपणा वेगळा. मऊपणा भाजीतून काढायचा आणि त्याला फ्लॉवरइतकं भरवशाचं काही नाही. त्यात स्टार्च, म्हणजे कॉर्नफ्लॉवरमध्ये असतो तोच पिष्टांश, अगदी कमी, त्यामुळे कितीही वाटा, चिकट होत नाही. बटाट्याचं उलट. मिक्सर जास्त फिरला की त्यातला स्टार्च सुटून सुपाला तार येते. म्हणून 300 ग्रॅम फ्लॉवरला बटाटा एकच, लिंबाएवढा.

एक कांदा आणि लसणाच्या दोन पाकळ्या चमचाभर लोण्यावर मंद आचेवर झाकून 5 मिनिटं मऊ करा, लाल करू नका. मग भाजीचे सुपारीएवढे तुकडे, 8-10 काजू आणि भाजी जेमतेम बुडेल इतकं पाणी. झाकून 12-15 मिनिटं. फ्लॉवरचा देठ चमच्याने दाबला की चेचला गेला पाहिजे. बहुतेकांचं बिनसतं ते इथेच. भाजी अर्धवट शिजलेली असली की वाटल्यावर जिभेला रवाळ लागते, आणि मग ते झाकायला पिठाचा डबा काढला जातो.

वाटण्याआधी पाणी गाळून बाजूला ठेवा आणि लागेल तसं परत घाला, म्हणजे पातळ झालेलं सूप आटवत बसावं लागत नाही. जरा निवू द्या, भांडं अर्धंच भरा. गरम वाटताना वाफ कोंडून झाकण उडतं. पूर्ण दोन मिनिटं फिरवा. वीस सेकंदांत मऊ झालंय असं नुसतं वाटतं.

कॉर्नफ्लॉवर घालायचंच असेल तर गार पाण्यात कालवून. गरम सुपात कोरडं पडलं की वरचा थर लगेच फुगतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं, तीच गुठळी. उकळी आल्यावर मिनिटभर शिजवा, नाहीतर कच्चं लागतं. आणि चाखलेला चमचा पातेल्यात परत बुडवू नका. लाळेतलं अमायलेज हे पाचक द्रव्य स्टार्च तोडतं आणि सूप पातळ होत जातं. फ्लॉवर-काजूच्या सुपाला ही भीती जवळपास नाही.

आता एक कबुली. टोमॅटोच्या सुपात दूध घालणार असाल तर कॉर्नफ्लॉवर कामाचं आहे. आंबटपणाने दूध फाटतं, स्टार्च असला की प्रथिनं तितक्या चटकन एकमेकांना चिकटत नाहीत. कपभर गार दुधात चमचाभर कालवून, ढवळत उकळून घ्या, मग त्या दुधात टोमॅटोचा गर थोडा थोडा ओता. दूध गरात नाही, गर दुधात. त्यानंतर उकळी आणू नका, आणि मीठ अगदी शेवटी.