'लेजेंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज' या जपानी अॅनिमे मालिकेतल्या यांग वेन-लीने व्हर्मिलियनच्या लढाईत जिंकत असताना युद्धबंदी का मानली? हा त्याचा मूर्खपणा नव्हता का?

नव्हता. आणि 'मूर्खपणा' हा शब्द वाचूनच मी उत्तर लिहायला बसले आहे, कारण हाच शब्द आमच्या घरात एका खऱ्या माणसासाठी वापरला गेला आहे.

'लेजेंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज' तुम्ही पाहिलं आहे हे प्रश्नावरूनच कळतंय, तेव्हा कथा सांगत बसत नाही; लोकशाही आघाडी आणि साम्राज्य यांच्यातलं अंतराळयुद्ध, आणि यांग आघाडीचा सेनापती, एवढं पुरे. फक्त यांग मुळात कोण होता ते विसरू नका. बाप व्यापारी जहाजावरचा. तो अपघातात गेला आणि मागे राहिलेला पुराणवस्तूंचा संग्रह बनावट निघाला. पोराला इतिहास शिकायचा होता, पण पैसे नव्हते. लष्करी अकादमीत इतिहास फुकट शिकायला मिळतो म्हणून तो सैन्यात गेला, आणि पुढे तो विभागच बंद झाला. एल फासिल ग्रहावर वरिष्ठ अधिकारी लोकांना सोडून पळाला, तेव्हा तीस लाख नागरिकांना सुखरूप बाहेर काढलं ते या एकवीस वर्षांच्या पोराने. घाईघाईत सँडविच खाताना त्याला ठसका लागतो, फ्रेड्रिका नावाची चौदा वर्षांची मुलगी कॉफी आणून देते, तर हा म्हणतो चहा असता तर बरं झालं असतं. पुढे साम्राज्याचा इझरलोन किल्ला त्याने आपल्या बाजूचं रक्त न सांडता घेतला. कर्तबगारीबद्दल वाद नाहीच.

वाद आहे तो मालिकेतल्या कालगणनेनुसार 799 सालच्या मे महिन्याचा, व्हर्मिलियनच्या लढाईचा. साम्राज्याचा सर्वेसर्वा राइनहार्ट याचं जहाज तोफेच्या टप्प्यात आहे आणि आघाडीची राजधानी हायनेसेनहून सरकारचा आदेश येतो, थांबा. यांगचा सहकारी शेनकॉफ त्याला सरळ सांगतो, आदेश बाजूला ठेवा आणि तोफा डागा. यांग थांबतो.

आता माझ्या घरचं. माझे वडील नायब तहसीलदार होते. मी बारावीत असताना एका रात्री त्यांनी नदीपात्रात बेकायदा वाळू उपसणारे डंपर पकडले. सोबत तलाठी आणि कोतवाल, बस. पंचनामा चालू असतानाच वरून फोन आला, गाड्या सोडा. बाबा म्हणाले, लेखी द्या. पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर. डंपरवाले अंगावर येत होते, तलाठी भाऊसाहेब घाबरले होते, आणि बाबा टॉर्चच्या उजेडात गाड्यांचे नंबर, अंदाजे किती ब्रास, कुठल्या गटाजवळ, सगळं एकेक करून लिहून घेत होते. पहाटे जीपमधून शिपाई सही-शिक्क्याचं पत्र घेऊन आला. बाबांनी पंचनामा पुरा केला, पत्र किती वाजता मिळालं तेही त्यात लिहिलं, पंचांच्या सह्या घेतल्या आणि गाड्या सोडल्या. काही महिन्यांत त्यांची बदली झाली.

दिवाळीला मामा आले. मामा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, "दाजी, मूर्खपणा केलात. फोन बंद करायचा, गाड्या तहसीलच्या आवारात लावायच्या, मग बघू कोण सोडवतंय." आईचा वाढता हात थांबला. बाबा शांतपणे म्हणाले, "उद्या माझ्याच हाताखालच्या कुणी पैसे खाण्यासाठी फोन बंद ठेवला, तर त्याला मी कुठल्या तोंडाने जाब विचारू?" मामा हसले. त्यानंतर कुठल्याही लग्नाकार्यात हा विषय निघाला की मामांचं ठरलेलं वाक्य असायचं, आमचे दाजी म्हणजे कागदी माणूस. मला ते फार लागायचं.

हॉस्टेलवर असताना मी ही मालिका पाहिली. 1988 ते 1997 या काळात आलेले जुने एकशे दहा भाग, लॅपटॉपवर, सबटायटल्ससह. व्हर्मिलियनचा भाग संपल्यावर मला झोप लागली नाही. सुट्टीत तो भाग मी मामांना मुद्दाम दाखवला, थांबवून थांबवून प्रत्येक गोष्ट समजावली. संपल्यावर ते म्हणाले, "हा पण तुझ्या बापासारखाच."

म्हटलं, हो, तसाच आहे. आणि मग त्यांना दोन वर्षं आधीची, 797 सालची गोष्ट सांगितली. तुम्हीही तिथूनच विचार करायला हवा होता. भ्रष्ट सरकार साफ करायचं म्हणून सेनाधिकारी सत्ता हातात घेतात. त्यांचा प्रमुख ग्रीनहिल सज्जन माणूस आहे, वर फ्रेड्रिकाचा बाप. सरकार कुजलेलं आहे हे यांगलाही मान्य. सरकारप्रमुख ट्रुनिख्तचा तर त्याला मनापासून तिटकारा. तरी तो आपल्याच सैन्याशी लढून ते बंड मोडतो. असा माणूस 799 मध्ये 'मला पटत नाही' म्हणून निवडून आलेल्या सरकारचा आदेश धुडकावेल, तर त्याच्यात आणि ग्रीनहिलमध्ये फरक काय उरला? शिवाय राजधानीच्या डोक्यावर राइनहार्टचे सेनानी मिटरमायर आणि रॉयएंटाल यांची आरमारं उभी होती. तोफ डागली असती तर किंमत तिथल्या लोकांनी मोजली असती.

मामांना विचारलं, सरकारचा हुकूम आवडला नाही म्हणून तुम्ही कधी पलटण फिरवलीत का? ते म्हणाले, "ते वेगळं." काय वेगळं, ते आजवर सांगितलेलं नाही. ज्याच्या हातात बंदूक किंवा शिक्का आहे त्याने हुकूम आपल्या मर्जीने पाळायचा की नाही, एवढाच प्रश्न आहे, आणि वर्दी बदलली म्हणून त्याचं उत्तर बदलत नाही. तुमच्या ओळखीत कुणी असं लेखी मागून, नोंद करून मागे हटलेलं असेल, तर त्याला भित्रा म्हणण्याआधी नोंद वाचा.

एक मात्र सांगायला हवं, नाहीतर यांग नुसता आज्ञाधारक वाटेल. शरणागतीनंतर त्याने साम्राज्य सोडून आपल्याकडे आलेल्या मेर्काट्झ या सेनानीला काही जहाजांसह गुपचूप निसटू दिलं. आणि पुढे त्याच्याच सरकारने त्याला पकडून मारायचा घाट घातला, तेव्हा तो मान खाली घालून बसला नाही, सहकाऱ्यांबरोबर निघून गेला. म्हणजे आज्ञापालनाला त्याच्या लेखी हद्द होती. ती नेमकी कुठे, यावर माझंही मत पूर्ण पक्कं नाही.

मग त्याची कारकीर्द फसली का? तेहतिसाव्या वर्षी राइनहार्टशी बोलणी करायला जाताना त्याचा खून झाला, मांडीत गोळी लागून रक्तस्रावाने गेला. निवृत्तिवेतन घेऊन इतिहास लिहायचं त्याचं स्वप्न राहिलंच. त्या अर्थाने फसली. पण त्याने सांभाळलेला मुलगा ज्युलियन घडला तो त्याच्या हाताखाली, आणि पुढची बोलणी ज्युलियननेच पुरी केली.

ज्यांनी मालिका अजून पाहिलेली नाही त्यांनी 2018 पासूनची नवी आवृत्ती आधी पाहावी का, तर माझ्या मते नाही. जुनीच पाहा, आणि 797 च्या बंडाचे भाग घाईने पुढे ढकलू नका.