कॅनकूनहून चिचेन इत्झा: ‘सर्वसमावेशक’ सहलीविषयी

मेक्सिकोतील कॅनकून या किनारी शहराहून एका दिवसाच्या बससहलीत चिचेन इत्झा, म्हणजे शेजारच्या युकातान राज्यातील माया संस्कृतीचे प्राचीन नगर, नीट पाहून होते का, असे आपण विचारले आहे. ‘सर्वसमावेशक’, म्हणजे सगळा खर्च एकाच दरात धरलेली सहल, असा आपण दिलेला जाहिरातीचा मजकूर ओळखीचा वाटला, कारण जवळपास तसाच वाचून आम्हीही पैसे भरले होते. व्हिसा आणि विमानाचे आपण पाहिलेच असेल, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

अंतर सुमारे २०० किलोमीटर, स्वतःच्या गाडीने अडीच तासांचे. आमची बस मात्र आधी हॉटेलांतून प्रवासी गोळा करीत फिरली, मग हस्तकलेच्या दुकानाशी, मग सेनोटेवर, म्हणजे चुनखडीचे छत खचून झालेल्या डोहावर, आणि शेवटी जेवणासाठी थांबली. भर दुपारी उघड्या पटांगणात उतरवून आम्हाला जेमतेम तासाभराची मुदत मिळाली. त्यातच दारावर कळले की तिकिटाचे दोन भाग असतात, एक केंद्रीय पुरातत्त्व संस्थेचा, दुसरा युकातान राज्याचा, आणि ‘सर्वसमावेशक’ दरात दुसरा धरलेलाच नव्हता. कंपनीच्या कार्यालयाने आमच्या प्रत्येक ईमेलला ‘अटी वाचाव्यात’ एवढेच ठरीव उत्तर पाठवले. पैशांपेक्षा वेळ गेल्याचा राग अधिक आहे. तो तास एल कास्तियो पिरॅमिडभोवतीच संपला. त्यावर चढण्यास बरीच वर्षे बंदी आहे, तरी गर्दी तिथेच असते. सुमारे १६८ मीटर लांबीचे चेंडूचे मैदान, त्याच्या भिंतीवरील शिरच्छेद झालेल्या आणि मानेतून रक्ताऐवजी साप निघालेल्या खेळाडूचे शिल्प, एल काराकोल ही वेधशाळा, यांपैकी काहीही धड पाहता आले नाही.

सर्वच कंपन्या अशा असतील असे माझे म्हणणे नाही, आणि दर बदलत असल्याने तिकिटाचे आकडे मुद्दाम देत नाही. तरीही माझे मत स्पष्ट आहे: आदल्या रात्री सुमारे ४५ किलोमीटरवरील वायादोलिद गावी राहावे आणि सकाळी ८ वाजता दार उघडताच आत शिरावे. रविवारी मेक्सिकन नागरिकांना प्रवेश विनामूल्य असल्याने तो दिवस टाळावा. मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनी पिरॅमिडच्या पायऱ्यांच्या कठड्यावर उतरणाऱ्या सर्पाकृती सावलीचा मोह होतो, पण ती आधीच्या-नंतरच्या दिवसांतही दिसते.

कॅनकूनचे घड्याळ युकातानपेक्षा एक तास पुढे आहे, २०२२ पासून बाराही महिने. जाताना हा तास हाती लागतो, परतताना जातो. त्याच संध्याकाळचे विमान असेल, तर निघण्याची वेळ कॅनकूनच्या घड्याळाने ठरवावी.