जुन्या डिझेल ट्रकचा फ्युएल पंप गळतोय, मी स्वतः बदलू शकतो का?

तुम्ही लिहिलंय की ट्रक जुना आहे, पंपाखाली डिझेल ठिबकतं, सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्याशिवाय इंजिन उचलत नाही, आणि पंप स्वतःच बदलायचा विचार आहे. बदलता येईल. पण पाना हातात घ्यायच्या आधी, आणि इंजिन पुन्हा चालू करायच्याही आधी, डिपस्टिक काढून बघा.

जमिनीवर पडलेलं डिझेल डोळ्यांना दिसतं, म्हणून आपलं सगळं लक्ष तिकडे जातं. इंजिन खराब करतं ते आत उतरलेलं डिझेल. जुन्या डायफ्राम पंपात कॅमशाफ्टवरचा उंचवटा एक लिव्हर ढकलतो, लिव्हर पडदा खेचतो, तेव्हा टाकीतलं डिझेल ओढलं जातं. मग स्प्रिंग पडदा परत ढकलते आणि डिझेल फिल्टरकडे जातं. पडद्याच्या एका बाजूला डिझेल, दुसऱ्या बाजूला थेट इंजिनचं पोट. पडद्याला चीर गेली की थोडं डिझेल पंपाच्या बॉडीतल्या बारीक भोकातून बाहेर येतं, ते भोक त्यासाठीच ठेवलेलं असतं. बाकीचं लिव्हरच्या वाटेने ऑइलमध्ये उतरतं.

माझ्या ट्रकला हे झालं तेव्हा बाहेर अधूनमधून चार थेंब पडायचे, एवढंच. त्याआधी महिनाभर मी समाधानात होतो की इतकं जुनं इंजिन असूनही ऑइल घालावं लागत नाही. प्रत्यक्षात ऑइल जळतच होतं आणि रिकामी होणारी जागा डिझेल भरून काढत होतं. एके सकाळी डिपस्टिक वरच्या खुणेच्या बोटभर वर ओली निघाली. काठी तिरकी केली तर ऑइल पाण्यासारखं धावत टोकाला आलं. एक थेंब वर्तमानपत्रावर टाकला. मधे काळा ठिपका राहिला आणि त्याच्याभोवती फिकट तेलकट कडं पसरत वाटीच्या तोंडाएवढं झालं. चांगलं ऑइल इतकं पसरत नाही. असं ऑइल बेअरिंगवर थर धरून राहत नाही. शिवाय पातळी फार वाढली तर ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, वाफ आणि ऑइल हवेच्या पाइपात ओढलं जातं आणि इंजिन त्याच्यावरच बेफाम पळायला लागतं. मग चावी बंद करून उपयोग नसतो, हवेची वाट सपाट फळीने बंद करावी लागते. हाताने कधीच नाही. म्हणून पातळी वाढलेली दिसली किंवा ऑइलला डिझेलचा वास आला, तर इंजिन चालूच करू नका.

ऑइल ठीक असेल तर आता गळती नेमकी कुठून आहे ते शोधा. डिझेल वरून ओघळतं आणि सगळ्यात खालच्या कडेला थेंब धरतं, त्यामुळे थेंब पडतो तिथे दोष असेलच असं नाही. मी एकदा फीड पंप, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणारा हाच लहान पंप, बदलल्यावरही तीच ओल दिसली. दोष वरच्या रिटर्न लाइनच्या (उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारी लाइन) कडक झालेल्या रबरी नळीत होता. पंप, नळ्या, जॉइंट सगळं ब्रशने धुऊन कोरडं पुसा, वर टाल्कम पावडर भुरभुरा, मग इंजिन आयडलला ठेवून टॉर्च मारा. पावडरीवर ओली रेघ जिथून सुरू होते ती सर्वांत वरची जागा म्हणजे उगम. ओल काळी असेल तर ते इंजिन ऑइल, म्हणजे पंप बसतो तिथलं पॅकिंग गेलंय. स्वच्छ आणि डिझेलच्या वासाची असेल तर बॅन्जो बोल्टचे (नळी पंपाला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर, वरच्या झाकणाचे स्क्रू, हँड प्रायमरचा (हाताने डिझेल चढवायची सोय) दांडा किंवा ते बारीक भोक, यांतलं काहीतरी. दोष वॉशरचा किंवा स्क्रूचा असेल तर पंप बदलायची गरजच नाही.

एक इशारा मात्र मनापासून. फीड पंपाचा दाब अगदी कमी असतो. पण मोठ्या पंपाकडून सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नॉझलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांत शेकडो बारचा दाब असतो. तिथली बारीक फवार बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. ती फवार कातडीत घुसते. वर फक्त सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही, पण आत मांस सडू शकतं. असं झालं तर वाट न बघता लगेच हॉस्पिटल.

सकाळी इंजिन लवकर न उचलण्याचं कारण बहुधा ही गळतीच आहे. जिथून डिझेल बाहेर येतं तिथून इंजिन थंड असताना हवा आत जाते आणि लाइनमधलं डिझेल टाकीकडे परत उतरतं. गळती टाकी ते फीड पंप या ओढणाऱ्या बाजूला असेल, तर थेंबही न पडता नुसती एअर येते.

मोठाच पंप, म्हणजे एफआयपी (फ्युएल इंजेक्शन पंप), गळत असेल तर माझा सल्ला वेगळा आहे. त्याच्या प्लंजरमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते आणि काढल्यावर टायमिंग परत तंतोतंत लावावं लागतं. तो टेस्ट बेंच असलेल्या कारागिराकडेच द्या. पुढचं सगळं लहान फीड पंपाबद्दल आहे.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. टाकी पंपाहून उंच असेल तर कॉक बंद करा, नाहीतर नळी काढल्यावर डिझेल वाहतच राहील. खाली ट्रे ठेवा. पंपाचे दोन्ही बोल्ट आधी थोडेच सैल करा आणि इंजिन हाताने सावकाश फिरवा. एका जागी पंप आपोआप सैल पडतो, म्हणजे कॅमचा उंचवटा लिव्हरपासून दूर गेला. तिथेच थांबा. ही पायरी लोक गाळतात आणि मग नवा पंप बोल्टने जबरदस्तीने ओढून बसवतात. त्यात लिव्हर वाकतो किंवा बॉडीचा कान तुटतो.

पंप निघाला की भोकात स्वच्छ फडकं घाला आणि मगच जुनं पॅकिंग खरवडा, तुकडे इंजिनात पडायला नकोत. काम झाल्यावर फडकं काढायची आठवण ठेवा. जुना आणि नवा पंप शेजारी धरून लिव्हरचा वाक, लांबी आणि आत-बाहेरच्या बाणांची दिशा जुळवा. पॅकिंगची जाडीही तीच हवी, कारण जाडी वाढली की लिव्हरचा स्ट्रोक तेवढा घटतो. लिव्हरला ऑइल लावून तो कॅमवर नीट टेकवा. हाताने दाबल्यावर स्प्रिंगसारखं परत ढकलल्याचं जाणवलं पाहिजे. लिव्हर कॅमच्या बाजूला घसरला असेल तर तो वेगळाच कडक लागतो. दोन्ही बोल्ट आलटून पालटून आवळा. बॅन्जोला दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर घाला. नवे नसतील तर जुने लालभडक तापवून थंड करा, तांबं मऊ होतं. टेफ्लॉन टेप कुठेही लावू नका, त्याचा धागा सुटला तर थेट मोठ्या पंपात किंवा नॉझलमध्ये जाऊन बसतो.

पंप घेताना डायफ्राम आणि सील आजच्या डिझेलला चालणारे आहेत का ते विचारा. कमी सल्फरच्या डिझेलमध्ये बहुधा अॅरोमॅटिक घटकही कमी असतात. जुन्या डिझेलमध्ये वर्षानुवर्षं फुगलेले नायट्राइल रबरचे सील त्यात आकसतात. डिझेल बदललं त्या काळात कितीतरी चांगले पंप असे अचानक गळायला लागले. व्हायटॉनचे सील मिळाले तर तेच घ्या.

आता एअर काढा. फिल्टर याच वेळी नवा घाला आणि शक्य असेल तर स्वच्छ डिझेलने भरूनच बसवा. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हाताने पंपिंग करा. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग धार येईल. चालू धारेतच स्क्रू आवळा. तेच मोठ्या पंपाच्या स्क्रूवर करा. हँड लिव्हरला दाबच लागत नसेल तर नवा पंप खराब आहे असं समजू नका. बहुधा कॅम उंचवट्यावर थांबलाय, एवढंच. क्रँक एक पूर्ण फेरी फिरवा, कॅमशाफ्ट अर्धी फिरेल आणि लिव्हर चालू होईल. तरीही उचललं नाही तर दोन नॉझलच्या नळ्यांचे नट सैल करून सेल्फ मारा. एका वेळी पंधरा-वीस सेकंदच, मधे सेल्फला थंड होऊ द्या.

ऑइलमध्ये डिझेल गेलं असेल तर हा पहिला स्टार्टच नव्या ऑइलवर आणि नव्या ऑइल फिल्टरवर करा. एकदा इंजिन चालवून मग बदलतो असं करू नका, बेअरिंगचं नुकसान त्या पाच मिनिटांतही होतं. पंधरा मिनिटं चालवल्यावर प्रत्येक जॉइंटवर कोरडा टिश्यू फिरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी सपाट जागेवर, थंड इंजिनवर डिपस्टिक बघून पातळी लिहून ठेवा. आठवडाभर त्याच वेळी, त्याच जागी बघा. आकडा कणभर जरी वर सरकला तर आत अजून कुठूनतरी डिझेल उतरतंय, आणि मग मोठ्या पंपाचा पुढचा शाफ्ट सील तपासायला द्यावा लागेल.