नाशिकला समुद्र नाही, मग समुद्रातल्या प्लास्टिकशी आपला काय संबंध? आणि ते मोजायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की सोसायटीतल्या दहा-बारा जणांना नासर्डी नदीवर काम करायचंय, पण एका काकांनी "आपलं प्लास्टिक समुद्रात पोचतंच कुठे?" असं विचारून सगळ्यांना गप्प केलं.

काकांचं निम्मं बरोबर आहे. समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकचा जो गाजलेला अंदाज २०१५ साली आला (१९२ किनारी देश, २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन), त्यात किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या माणसांचाच कचरा धरला होता. नाशिक शंभराच्या पलीकडे, म्हणजे त्या हिशेबात आपण नाहीच. शिवाय गोदावरी पार बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत नांदूर मध्यमेश्वर, जायकवाडी, विष्णुपुरी, श्रीरामसागर, धवळेश्वरम अशी धरणं-बंधारे. रामकुंडावर सुटलेली पिशवी एवढं सगळं ओलांडून जाईल, हे अवघडच. ती गाळात, पाणवेलीत, काठच्या बाभळीत अडकते. दुतोंड्या मारुतीच्या (नदीपात्रातली मूर्ती, पुराची आपली खूण) कमरेला लागलेलं पाणी ओसरलं की दुसऱ्या दिवशी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, चक्कर मारा. पूर कुठवर आला होता ते झाडांना लटकलेल्या चिंध्याच सांगतात. आणि नांदूर मध्यमेश्वर तर २०२० पासून राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. समुद्रात जात नाही म्हणजे आपल्याच जिल्ह्यात मुक्कामाला राहतं, एवढं काकांना सांगा.

काकांचं चुकतं ते निम्मं त्र्यंबकच्या मागच्या बाजूला आहे. त्याच डोंगरांतून निघणारी वैतरणा दीडशेक किलोमीटरांत अरबी समुद्र गाठते. पेठ-सुरगाण्याकडचं पाणी दमणगंगा आणि पार या नद्यांतून दमण-गुजरातच्या किनाऱ्याला जातं. पावसाळी सहलीला जाऊन आपण जे टाकून येतो, त्याला समुद्र तसा जवळच. (धरणं तिथेही आहेत. वैतरणेचं पाणी मुंबई पिते, हा भाग वेगळा.)

आता मोजणी. आम्ही काही जण वाघाडी नाल्यावर तीन वर्षं हे करतोय. पहिल्या वर्षी शुद्ध गाढवपणा केला. निघालेला कचरा ओलाच पोत्यात भरला आणि काट्यावर ठेवला. वजन भरपूर भरलं, पण चिखलाचं. आता काठाचा ठरावीक लांबीचा पट्टा दोरीने आखतो, त्यातलं सगळं उचलतो, धुऊन गच्चीवर वाळवतो आणि मग मोजतो. नगही आणि वजनही. दोन्ही लागतं, कारण वेफर्सची पाकिटं नगात ढीगभर असतात, काट्यावर मात्र हलकीफुलकी. दर वेळी पट्टा तोच ठेवा. एकदा मेअखेर आणि एकदा पहिला जोरदार पाऊस होऊन गेल्यावर, एवढं तरी कराच. वर्षभर नाल्यात साठलेलं पहिल्या पुरातच निघून जातं.

आम्हाला वाटलं होतं, सगळ्यात मोठा ढीग कॅरीबॅगचा निघेल. नगांत पहिल्या आल्या पानमसाला-तंबाखूच्या पुड्या (गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, बरं का) आणि दुसरे दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे! पाण्याच्या बाटल्या जवळपास नव्हत्याच. कारण उघड आहे: बाटलीला भंगारात भाव आहे, कचरा वेचणाऱ्या बायका ती नाल्यापर्यंत पोचूच देत नाहीत. आतून चंदेरी असलेलं पाकीट कुणी भंगारवाला घेत नाही, ते नाल्यात. द्राक्षपट्ट्यातही हेच. ठिबकच्या जुन्या नळ्या विकल्या जातात, पण जेमतेम २५-३० मायक्रॉनचा मल्चिंग पेपर (पिकाच्या बुडाशी अंथरायचं पातळ प्लास्टिक) ओढताना फाटतो, मातीने माखतो आणि शेवटी बांधावर जळतो.

म्हणून कमी करायचं म्हणजे ज्याला भाव नाही त्याच्या मागे लागायचं. दुधाच्या कोपऱ्याचं काम सगळ्यात सोपं निघालं: पिशवी कापा, पण तुकडा तोडू नका. सोसायटीच्या ग्रुपवर महिनाभर पिच्छा पुरवला. घंटागाडी सकाळी येते तेव्हा कामावर गेलेल्यांचा कचरा कुठे जातो, तेही बघा. आमच्याकडे ज्या गल्लीचं हे दुखणं होतं, तिच्याच तोंडाशी नाला सगळ्यात भरलेला होता. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो, तेव्हा "कागदीच आहे" म्हणून तो मोजणीतून सोडू नका. पाकिटांवरची नावं वेगळी लिहून ठेवा. प्लास्टिक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी उत्पादकावरही जबाबदारी टाकली आहे, आणि अर्ज करताना ती यादी कामाला येते.

पिशव्यांवरच्या कारवाईचं मात्र मला पटत नाही. राज्यातली बंदी मार्च २०१८ ची, पहिल्या वेळी दंड ५००० रुपये. देशभर १२० मायक्रॉनखालच्या कॅरीबॅग २०२२ च्या अखेरीपासून बंद. पकडली जाते ती टोपलीवाली भाजीवाली. तिला पिशव्या पुरवणारं गोदाम कुणाला दिसत नाही.

सिंहस्थाच्या गर्दीआधी निदान एक मोजणी उरकून घ्या, म्हणजे नंतर तुलनेला काहीतरी हाताशी राहील. काटा आमच्याकडे आहे, भंगारवाल्याकडून जुना घेतलेला. थोडा डावीकडे कलतो, पण चालतो. हवा असेल तर कळवा.