पहिली कादंबरी, प्रकाशक आणि साठ हजार रुपये

तीन प्रकाशकांकडे कादंबरी पाठवून दोन महिने झाले, उत्तर नाही. चौथा साठ हजार घेऊन ३०० प्रती काढून देतो म्हणतोय. त्याला हो म्हणावं का, हा तुमचा प्रश्न.

आधी त्या तिघांचं. दोन महिने म्हणजे फार नाही. चांगल्या नावाच्या प्रकाशनसंस्थेतही हस्तलिखितं वाचणारी माणसं एक-दोनच असतात. सहा महिन्यांत नकार जरी आला तरी लवकर आला म्हणायचं, आणि होकारानंतर पुस्तक निघायला वर्ष सहज जातं. अधूनमधून एखादी ईमेल पुरे, फोन करून भंडावू नका. अजिबात उत्तर न येणं हाही इथे नकारच असतो (वाईट पद्धत आहे, पण आहे).

आता पैसे. एकेकाळी मराठीत ११०० प्रतींची आवृत्ती सर्रास निघायची. आज नव्या लेखकाची ३०० ते ५०० निघते. ३०० रुपये किंमत, दहा टक्के मानधन आणि ५०० प्रती धरल्या, तर सगळ्या खपल्यावर तुमच्या हाती पंधरा हजार, तेही दोन-तीन वर्षांत मिळून. कारण कथा-कादंबरीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे सार्वजनिक ग्रंथालयं, आणि त्यांची खरेदी बरीचशी सरकारी अनुदानावर. अनुदान लांबलं की विक्रेत्याचे पैसे अडकतात, मग प्रकाशकाचे, आणि सगळ्यात शेवटी तुमचे.

चौथ्याचा हिशेब याहून वाईट आहे. साठ हजारांत ३०० प्रती म्हणजे प्रत २०० रुपयांना पडली. छापील किंमत ३०० ठेवली आणि वितरकाने ४० टक्के कापले, तर प्रतीमागे हाती येतात १८०. म्हणजे शेवटची प्रत विकली गेली तरी सहा हजारांचा खड्डा! आणि विकणार कोण? बहुतेक वेळा गठ्ठे लेखकाच्याच पलंगाखाली जातात. पदरमोड करून पुस्तक काढण्यात कमीपणा काही नाही. पण मग गावातल्या छापखान्याचं कोटेशन घ्या, मुद्रितशोधनाला चांगला माणूस वेगळे पैसे देऊन लावा. 'आयएसबीएनचे शुल्क' (आयएसबीएन म्हणजे प्रत्येक पुस्तकाचा ओळख क्रमांक) असा रकाना त्याच्या पत्रकात असेल तर सावध व्हा, आपल्याकडे तो क्रमांक सरकार फुकट देतं.

माझं मत विचाराल तर साठ हजार राहू द्या. कादंबरीतलं एखादं स्वतंत्र उभं राहील असं प्रकरण कथेसारखं बांधून दिवाळी अंकांना पाठवा, उन्हाळा संपायच्या आत. प्रकाशनसंस्थांचे संपादक नावं तिथूनच हेरतात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही बघा, ती पहिल्या पुस्तकासाठीच आहे.

पुढेमागे कुणी होकार दिलाच, तर करार लेखी करा. मुदत लिहिलेली नसेल तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क पाच वर्षांसाठी दिले असं धरतात. म्हणून 'कायमस्वरूपी' हा शब्द मसुद्यात दिसला की खोडायला सांगा. ऑडिओ, ई-बुक आणि अनुवादाचे हक्क एकाच ओळीत गुंडाळलेले असतात, ते वेगळे काढून घ्या. आणि विक्रीचा हिशेब वर्षातून एकदा लेखी मिळेल हे कलम नसेल तर सहीच करू नका.