रोज पोस्ट टाकायची घाई कशाला?

भाऊ, ब्लॉगवर रोज एक पोस्ट टाकली की गूगल शोधात आपल्याला वर नेतं, हे कोणी भरवलं तुझ्या डोक्यात? नुसत्या संख्येवर क्रमांक ठरत नाही, हे गूगलवालेच सांगत आले आहेत. आठवड्याला एक जमते ना? एकच टाक, पण वाचणाऱ्याला उत्तरासाठी दुसरीकडे जावं लागू नये अशी.

आता तुझा मारबतीचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचा, लेख घे. दरवर्षी नवीन पान काढलंस तर तुझीच पानं एकमेकांशी भांडत बसतील. पानाचा पत्ता (URL) एकच ठेव, त्यात वर्ष घालू नको. पोळ्याच्या महिनाभर आधी तो लेख उघड. काळ्या-पिवळ्या मारबतीचा मार्ग तपासून घे, गेल्या वर्षी गाजलेले बडगे (चालू घडामोडींवर टोमणे मारणारे पुतळे), स्वतः काढलेले फोटो घाल. मजकूर तोच ठेवून नुसती तारीख बदलायची चलाखी मात्र नको. कळमना बाजारातले संत्र्याचे भाव रोज ताजे लागतात, मान्य. सावजी रश्श्याची कृती रोज कोण बदलतो?

आणि सर्च कन्सोल, म्हणजे शोधात आपली पानं कशी चालतात ते दाखवणारं गूगलचं साधन, बघत जा. ज्या पानाला इम्प्रेशन (शोधात दिसणं) भरपूर पण क्लिक कमी, त्याचं शीर्षक आधी सुधार. नवीन पोस्ट थांबली तरी चालेल.