आधी अर्जाची पोच घे, मग क्वालिफायर

तुझी पोस्ट वाचली. एस.वाय.ला आहेस, बीजीएमआय, म्हणजे पबजी मोबाइलची भारतीय आवृत्ती, त्याच्या क्वालिफायरमधून (पात्रता फेरीतून) तुमचा चौघांचा स्क्वॉड पुढे गेलाय, पुढच्या मॅचेस बाहेरगावी, नेमक्या प्रॅक्टिकलच्या आठवड्यात आल्यात, आणि बाबा विचारतायत, ‘ह्याचा उपयोग काय?’ मीही ह्यातून गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो. खेळाचं तुला सांगायला नको.

आधी कॉलेज. आमचा क्रीडा विभाग म्हणाला, ‘हा खेळ यादीत नाही, ऑफिसात विचारा.’ ऑफिस म्हणालं, ‘क्रीडा विभागाचं पत्र आणा.’ असे हेलपाटे झाल्यावर एक सर म्हणाले, ‘जा तू, बघू आपण.’ परत आलो तर डिफॉल्टर लिस्टमध्ये, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांच्या यादीत, माझं नाव. तेच सर विचारतात, ‘लेखी काही आहे का?’ टर्म ग्रँट झाली नाही, म्हणजे परीक्षेला बसू दिलं नाही, वर्ष गेलं. कबड्डीच्या पोरांना हजेरीची सवलत होती, आम्हाला साधं उत्तर देण्याची तसदीही कुणी घेतली नाही. आजही संताप होतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळलं जाणारं गेमिंग, क्रीडा मंत्रालयाच्या अखत्यारीत आणलं, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याला पदकं होती. पण हे टेबलापलीकडच्या माणसाला माहीत असेलच असं धरून चालू नकोस.

म्हणून अर्ज दोन प्रतींत कर, आयोजकांचं तारखांसकट पत्र जोड आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घे. नकार मिळाला तरी लेखी माग. तोंडी होकारावर गाडीत बसू नकोस. प्रत्येक कॉलेजचे नियम वेगळे, तेवढं तुझं तू तपासून घे.

आता बाबांचा प्रश्न. गेमिंगने मार्क वाढतात असं मी म्हणणार नाही. पण मी आयजीएल होतो, म्हणजे मॅच चालू असताना टीमचे निर्णय घेणारा. झोन, म्हणजे खेळायची सुरक्षित जागा, आवळत येतो, चौघं एकदम बोलायला लागतात, तेव्हा ‘दोनशे दहा, लाल छप्पर, दोघं, एक नॉक’ (दिशा, जागा, शत्रू किती, त्यातला किती जण पडलाय) एवढंच बोलायची शिस्त लावावी लागते. पहिल्या नंबरला १० गुण, प्रत्येक फिनिशला, म्हणजे बाद केलेल्या शत्रूला, १. त्यामुळे लढायचं की लपून जागा राखायची, हा हिशेब क्षणात करायचा. स्क्रिम (सरावाची मॅच) संपल्यावर रेकॉर्डिंग लावून ‘रोटेशन उशिरा का घेतलं?’, म्हणजे पुढच्या जागी उशिरा का हललो, हे न भांडता बोलायचं. गटात काम करायला मी तिथेच शिकलो. बाबांना शेजारी बसवून असं एक रेकॉर्डिंग दाखव.

पण डिग्री सोडू नकोस, ह्यावर मी ठाम आहे. पबजी मोबाइल सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला, बीजीएमआय जुलै २०२२ पासून मे २०२३ पर्यंत ब्लॉक होता. सरकारच्या एका आदेशात चांगल्या चांगल्या टीम्स घरी बसल्या. आणि पैसे लावून खेळणाऱ्या ग्रुपच्या वाऱ्यालाही उभा राहू नकोस. २०२५ च्या कायद्याने ते बंद केलंय, ई-स्पोर्ट्सला मात्र वेगळी मान्यता दिलीय. बाबांना हेही सांग.

आणखी एक, पाचवा खेळाडू नोंदवता येतो का ते नियमावलीत आजच बघ. प्रॅक्टिकलची तारीख हलली नाही, तर तुझ्या जागी तो उतरेल आणि टीम अडणार नाही.